कोटी नकोत, किलो आणि अक्षांश-रेखांश छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

समुद्रात अमली पदार्थांची बोट पकडली, की बातमीचा मथळा कोटींत असतो. मे २०२३ मध्ये कोचीजवळ मेथॲम्फेटामिन (थोडक्यात मेथ) सापडले, तेव्हा किंमत आधी १२,००० कोटी छापून आली आणि नंतर २५,००० कोटी झाली. माल तोच, सुमारे २,५०० किलो. न्यायालयात या कोटींना कोणी विचारत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. चरस १ किलो, हेरॉइन २५० ग्रॅम, मेथ ५० ग्रॅम. त्यापुढे ‘व्यावसायिक प्रमाण’ आणि किमान १० वर्षे.

म्हणून तटरक्षक दलाचे किंवा नौदलाचे पथक बोटीवर चढल्यानंतरचा पहिला तास महत्त्वाचा. इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याकडून येणारी ढाऊ, म्हणजे जुन्या धाटणीची बोट, लाकडी असते, रडारवर अंधुक दिसते, एआयएस (बोटीची ओळख आणि जागा कळवणारे यंत्र) बंद असते, नाव रंगाने पुसलेले आणि झेंडा गायब. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर हाक मारली तरी उत्तर येत नाही. इंजिन बंद करवून सगळे खलाशी नाळेवर बसवले, की पथकातला पहिला माणूस माल शोधायला नव्हे, इंजिनघरात धावतो. तिथला पाण्याचा कॉक उघडून कुणी खलाशाने बोट बुडवली, तर पुरावाही तळाला जातो. मग नजर फिरते साध्या गोष्टींवर. जाळी कोरडी ठक्क, बर्फाचा पत्ता नाही, डिझेल मात्र चार फेऱ्यांना पुरेल एवढे. माल ठेवायच्या खणाची लांबी आतून आणि बाहेरून मोजली आणि हातभर फरक आला, तर मधली फळी खोटी. जीपीएस आणि सॅटेलाइट फोन कुणाच्याही हाती लागू न देता आधी ताब्यात घ्यायचे. ढाऊने माल कुठे घेतला आणि कुठे उतरवणार होती, ते त्यातच असते.

घोळ होतो तो वजनात. हलत्या डेकवर काटा स्थिर राहत नाही, भिजलेले पोते जास्त भरते, आणि बंदरावर आकडा बदलला, की बचावपक्षाचा वकील तेवढाच धरून बसतो. समुद्रात पोती मोजावीत, क्रमांक टाकून सील करावीत. वजन जमिनीवर, नमुने याच कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर.

दुसरा वाद जागेचा. आपली प्रादेशिक हद्द १२ सागरी मैल, संलग्न क्षेत्र २४, आर्थिक क्षेत्र २००. परदेशी झेंड्याच्या बोटीवर प्रादेशिक हद्दीबाहेर चढायचे, तर १९८८च्या व्हिएन्ना करारानुसार त्या देशाची संमती लागते. झेंडा नसलेल्या बोटीची तपासणी करता येते, पण खटला कोणत्या कायद्याखाली, हा प्रश्न उरतोच. अडवली त्या क्षणीचे अक्षांश-रेखांश नोंदवहीत हवेत ते त्यासाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदल, एनसीबी (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) आणि गुजरात एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) धरलेल्या ढाऊवर ३,०८९ किलो चरस, १५८ किलो मेथ, २५ किलो मॉर्फिन होते. बातमी अशी हवी.

माल नेहमी हाती लागतोच असेही नाही. एप्रिल २०२५ मध्ये गुजरातच्या सागरी सीमेजवळ तटरक्षक दलाचे जहाज दिसताच तस्करांनी माल पाण्यात टाकला आणि ते सीमेपलीकडे निसटले. जहाजाने पाठलाग चालू ठेवून लहान बोट पाण्यात सोडली आणि अंधारात ३०० किलोंहून अधिक माल वेचला. वेचला नसता, तर तो कुठे लागला असता? ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या कर्दे, लाडघर, केळशी किनाऱ्यांवर चरसची किलोभराची पाकिटे लागली, ती कस्टम्सने गोळा केली. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेला चरस तरंगतो आणि पावसाळी वाऱ्याने कोकणाकडे सरकतो.

जाळ्यात किंवा पुळणीवर असे पाकीट मिळाले, तर फोडू नये, वास घेऊ नये. समुद्रात असाल तर जीपीएसवर खूण करून १५५४ वर तटरक्षक दलाला, किनाऱ्यावर असाल तर १०९३ वर सागरी पोलिसांना कळवावे. अशा बातमीखाली हे दोन क्रमांक छापले, तर कोटींच्या आकड्यापेक्षा कमी जागा लागेल.

— एक वाचक, दापोली