सूचना : रात्रीच्या विश्रांती-आसनांबाबत

सभासदांना नमस्कार,

सोमवारपासून संध्याकाळच्या वर्गाची शेवटची २० मिनिटं फक्त विश्रांतीच्या आसनांना. येताना सतरंजी, एक जाड चादर आणि उशी आणावी. मागच्या वेळी एकच उशी चौघांत फिरली, तसं नको!

मुख्य आसन भिंतीला पाय टेकवून करायची विपरीत करणी. कंबर भिंतीच्या जवळ, खाली घडी घातलेली चादर, पाय सैल. ५ ते १० मिनिटं पुरे. दिवसभर उभं राहून किंवा खुर्चीत बसून पायांत साचलेलं रक्त उतारानं सहज परत फिरतं, पाय हलके होतात. मुंग्या आल्या तर गुडघे वाकवून कुशीवर वळा, झटकन उठू नका. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. गरोदर सभासदांनीही. त्यांच्यासाठी डाव्या कुशीवरचं शवासन आहे.

बालासन, सुप्त बद्धकोनासन सोपीच आहेत, वर्गात दाखवू. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा, एवढंच.

जेवण आणि आसनं यांत किमान ३ तास हवेत. शवासनात घोरणाऱ्यांना उठवलं जाणार नाही, पण मोबाईल वाजला तर चहा तुमच्याकडून.

– वर्ग संयोजक