किल्ला स्पर्धेत मावळ्यांच्या रंगालाही गुण द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की बेळगावात गल्लोगल्ली किल्ल्याची तयारी सुरू होते, माती, दगड, गोणपाट, मोहरी-अळीव पेरून केलेली हिरवळ, पोरं सगळं जीव तोडून करतात, राजहंसगड असो नाहीतर पारगड, बुरूज न् बुरूज मोजून बांधतात. खरं वर मांडायचे मावळे मात्र बाजारातले, सगळे एकाच साच्यातले, गुलाबी तोंड, भगवा नाहीतर निळा अंगरखा आणि डोळ्याच्या जागी दोन काळे ठिपके, ते पण कधीकधी गालावर आलेले. परीक्षक तटबंदी बघतात, दरवाजा बघतात, माहिती सांगणाऱ्या पोराचं पाठांतर बघतात, मावळ्यांकडं कोण बघतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की किल्ला स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी स्वतः रंगवलेल्या मावळ्यांना वेगळे गुण ठेवावेत, जमलं तर छोटं बक्षीसही.

हे सुचायचं कारण म्हणजे मी स्वतः रात्री कामं आवरली की अशा बारक्या मूर्ती रंगवत बसते. परदेशात हा मोठा छंद आहे, जेमतेम इंच-सव्वा इंचाचे, म्हणजे २८ ते ३२ मिलिमीटर उंचीचे सैनिक, राक्षस, घोडेस्वार लोक रंगवतात आणि टेबलावर लढाईचे खेळ खेळतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी त्यातली सगळ्यात मोठी, तिचा वॉरहॅमर खेळ १९८३ पासून चालू आहे. आपल्याकडं कॉलेजची पोरं मोबाईलवर हे बघतात, हौस वाटते, मग किंमत बघतात आणि तिथंच गार होतात, कारण मूर्तींचा एक छोटा डबा मागवायचा म्हटला तरी हजारांत जातो आणि वर स्पॅनिश रंगांच्या १७ मिलीच्या बाटल्या वेगळ्याच. अहो पण सुरुवातीला ते सगळं लागतंय कशाला? गणपत गल्लीत दिवाळीच्या आधी मावळ्यांचे ढीग लागलेले असतात की, तेच घ्यावेत. खराब झाला तर दुसरा.

आता कुणाला खरंच सुरू करायचं असेल तर थोडं सांगते, संपादकांनी जागा दिली तर. रंग साधे अ‍ॅक्रिलिक घ्या, कॅमलचे किंवा फेव्हिक्रिलचे, शाळेच्या स्टेशनरीत मिळतात, ऑइल पेंट नको, ते वाळता वाळत नाहीत. ब्रश घेताना सगळे हमखास शून्य शून्य शून्य नंबरचा केसाएवढा ब्रश उचलतात, मूर्ती लहान म्हणून, खरं त्याच्या टोकावरचा रंग मूर्तीपर्यंत जाईस्तोवर वाळतो. एक नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश, ज्याचं टोक ओलं केल्यावर सुईसारखं जुळतं, त्यात जवळजवळ सगळं होतं. रंग ब्रशच्या पत्र्यापर्यंत चढू द्यायचा नाही, तिथं वाळला की केस फाकतात आणि ब्रश गेला. आणि टोक करायला ब्रश जिभेवर लावायची काहींना सवय असते, ती मोडा, काही रंगांत कॅडमियम-कोबाल्ट असतं.

पीओपीचा कोरा मावळा रंग पितो. पहिला हात दिला की दिसेनासाच होतो. म्हणून आधी पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल किंवा गेसोचा (रंगाआधी लावायचा पांढरा लेप) एक पातळ थर द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. प्लॅस्टिकचे सैनिक असतील तर आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचे, साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यानं सुटतो. लवचिक प्लॅस्टिकवर तर गाडी रंगवणाऱ्यांकडं मिळणारा प्लॅस्टिक प्रायमर लावल्याशिवाय रंग टिकतच नाही, तलवार जरा वाकली की टोकाचा रंग गेला. हा प्रायमर स्प्रेचा असतो, तो उघड्यावर मारायचा, तोंडाला मास्क लावून, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अजिबात नाही, जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत एवढी ओल असते की थर खरखरीत येतो आणि मूर्तीचं नाकडोळं बुजून जातं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रंग पातळ पाहिजे. दुधाएवढा. बाटलीतनं काढला आणि थापला की मिशी, पागोटं, शेल्याच्या चुण्या सगळं एक होऊन जातं, त्यापेक्षा पातळ दोन हात द्यावेत. रंग लवकर वाळू नये म्हणून जुन्या टिफिनच्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा कागद पसरायचा (मेण लावलेला बटर पेपर नको, त्यातनं पाणी वर येत नाही) आणि त्या कागदावर रंग काढायचा, तासन् तास ओला राहतो. मूर्ती हातात धरायची नाही, औषधाच्या बाटलीच्या झाकणावर दोन्ही बाजूनं चिकटणाऱ्या टेपनं बसवायची आणि झाकण फिरवत रंगवायचं.

मावळ्याच्या अंगावर पांढरं आणि भगवं दोन्ही असतं आणि नेमके हेच दोन रंग छळतात. पांढरा अंगरखा थेट पांढऱ्यानं रंगवला तर नुसता चुना फासल्यासारखा दिसतो, आधी फिकट राखाडी द्या आणि पांढरा फक्त चुण्यांच्या कडांना ठेवा. पिवळा-भगवा जात्याच कमी झाकतो, त्याच्याखाली गेरूसारखा तांबूस तपकिरी दिला की मग उठून दिसतो. सगळं वाळल्यावर गडद तपकिरीचं अगदी पाणीदार मिश्रण वरून सोडायचं, ते आपोआप खाचांत जाऊन बसतं आणि सावली तयार. मग जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. डोळ्यांच्या नादी पहिल्यांदा लागूच नये. खोबणीत सावली पडली की हातभर अंतरावरून डोळा दिसतोच, ते गालावरचे ठिपके कशाला हवेत?

आणि नुसते मावळेच का? मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात, टोपीवरचा लाल-हिरवा तुरा आपल्या पोरांना रोज रस्त्यात दिसतो, बाजारातल्या साध्या हिरव्या प्लॅस्टिकच्या सैनिकाचा याच इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतला जवान करता येतो. कित्तूर तासाभरावर आहे, १८२४ ची ती इंग्रजांशी झालेली लढाई, घोड्यावरची राणी चन्नम्मा, संगोळ्ळी रायण्णा, यांच्या बारक्या मूर्ती मांडल्या तर किल्ला बघायला अख्खी गल्ली लोटेल, मग ती मराठी बोलणारी असो की कानडी.

अडचण एकच, कोरे, बिनरंगाचे मावळे सहज मिळत नाहीत. विक्रेत्याला विचारलं तर तो अशा नजरेनं बघतो की आपण भाव पाडायला आलोय. खानापूरच्या कुंभारांनी मातीचे कोरे भाजके मावळे केले तर मी पहिली घेईन, तिथं मातीही चांगली आहे आणि खादी ग्रामोद्योगचं कुंभारकाम शिकवणारं केंद्रही आहे. रंगवायची मजुरी वाचते म्हणजे त्यांनाही परवडावं.

मंडळांना विनंती की नियम शेवटच्या आठवड्यात नको, नवरात्रातच जाहीर करावेत, पातळ थर देत, वाळवत बसायचं म्हणजे शाळा-क्लास सांभाळून पोरांना तेवढे दिवस लागतातच.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव