जुने डायव्हिंग घड्याळ पाण्यात नेण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परभणीत गेली बत्तीस वर्षे मी घड्याळदुरुस्तीचे काम करतो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पोहायला गेलेल्या मुलांची घड्याळे दुकानात येऊ लागतात आणि काच काढण्याआधीच आत साचलेली वाफ दिसते. या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत अशी जी घड्याळे आली, त्यांत बहुतेक साधी नव्हती. ती खास पाण्याखाली बुडी मारणाऱ्या पाणबुड्या माणसांसाठी बनवलेली, १९७० आणि १९८० च्या दशकांतली जपानी घड्याळे होती. कुणाच्या काकाने आखातातून आणलेली, कुणी हल्ली ऑनलाइन विकत घेतलेली. ही घड्याळे पाण्यात घालावीत की घालू नयेत, याबद्दल जो गैरसमज मला रोज ऐकायला मिळतो, तो आपल्या वाचकांपुढे मांडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जिंतूर तालुक्यातला एक कॉलेजचा विद्यार्थी त्याच्या दिवंगत काकांचे, सेको कंपनीचे ६३०९ मॉडेलचे घड्याळ घेऊन आला होता. काकांनी ते सौदी अरेबियात दम्मामला नोकरीला असताना घेतले होते. मुलगा मला म्हणाला, “काका, डायलवर दीडशे मीटर लिहिलंय, आणि आमची विहीर साठ फूटसुद्धा नाही. मग पाणी शिरलंच कसं?” त्याचे गणित चुकलेले नव्हते. दहा मीटर खोल गेले की साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे साठ फूट विहिरीच्या अगदी तळाशी गेले तरी वाढीव दाब दोन वातावरणांच्या आतच राहतो. काठावरून वीस-बावीस फुटांची उडी मारली तरी पाण्यावर आदळतानाचा दाब ढोबळ हिशेबाने सहा-सात मीटर खोलीइतकाच होतो. दीडशे मीटरसाठी बनवलेल्या घड्याळाला हे काहीच नाही, आणि ते नवे असते तर त्याला काहीही झाले नसते.

परंतु ६३०९ हे मॉडेल १९७६ ते १९८८ या काळात बनले. डायलवरचा आकडा ते घड्याळ कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवसाचा आहे. पाणी अडवण्याचे काम पोलाद करत नाही. ते काम पाठच्या झाकणाखालची, काचेखालची आणि चावीच्या नळीतली अशा बारीक रबरी रिंगा करतात. रबर वयाने कडक होते, दाबून चपटे होते, पुन्हा फुगून जागा भरून काढत नाही, आणि हे घड्याळ कपाटात नुसते पडून असले तरी घडते. ‘काकांनी कधी वापरलंच नाही, नव्यासारखं आहे’ असे सांगितले जाते तेव्हा मला उलट अधिक काळजी वाटते, कारण न वापरलेल्या घड्याळाचे झाकण बहुधा कुणी उघडलेलेच नसते आणि आतली रिंग मूळची, पस्तीस-चाळीस वर्षांची असते.

आपल्या मराठवाड्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या उन्हात मोटारसायकल चालवत आलेल्या माणसाच्या मनगटावरचे घड्याळ ४५ अंशांपर्यंत सहज तापते. तो तसाच २५ अंशांच्या विहिरीच्या पाण्यात उतरला की घड्याळातली हवा आकसते आणि आतला दाब सुमारे सहा टक्क्यांनी घटतो. हा फरक अर्ध्या मीटरहून थोड्या अधिक खोलीइतकाच असला, तरी तो बाहेरचे पाणी आत ओढणारा असतो, आणि रबर कडक झालेल्या घड्याळाला तेवढा पुरतो. शिवाय जोराचा दाब पडला तर काच आणि झाकण आपापल्या जागी अधिक घट्ट बसतात, त्यामुळे काही घड्याळे खोल पाण्यापेक्षा उथळ पाण्यातच गळतात. म्हणून ‘मी फक्त वरच्यावर पोहतो’ हे समाधान खरे नाही. गरम पाण्याच्या आंघोळीलाही हेच लागू आहे, आणि तिथे साबण रबरावर व चावीच्या फटीत आणखी त्रास देतो.

घामाचे नुकसान तर वर्षानुवर्षे चाललेले असते. घामातले मीठ झाकणाच्या कडेला साचते आणि जिथे रिंग बसते नेमक्या त्याच खाचेत पोलादाला सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडते. असे खड्डे असले तर नवी रिंग घालूनही पाणी थांबत नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर चावीच्या आट्यांत आणि काचेभोवतीच्या फिरत्या चकतीखाली बसतो, आट्या झिजतात, आणि चावी ‘लागली’ असे बोटाला वाटते तेव्हा ती पुरती लागलेली नसते.

त्या मुलाच्या घड्याळाची गोष्ट पुढे अशी, की ते मागच्याच वर्षी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून सर्व्हिस करून आणलेले होते आणि पावतीवर ‘वॉटरप्रूफ केले’ असे लिहिलेले होते. मी झाकण उघडले तेव्हा रिंग जुनीच निघाली. नखाने दाबली तर तिला तडा गेला. घड्याळ भिजल्यावर त्याने कुणाच्या तरी सल्ल्याने ते तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवले होते. तेवढ्या वेळात चावीच्या दांडीवर आणि तिच्या भोवतालच्या स्प्रिंगांवर गंज चढला आणि डायलच्या रंगाला फोड आले. मशीन मी दुरुस्त केले. डायल मात्र तशीच ठेवली, कारण ती पुन्हा रंगवली तर काकांचे घड्याळ राहिले असते, पण काकांची डायल राहिली नसती, आणि हे त्या मुलाने स्वतःहून सांगितले. पाणी शिरल्याचे दिसताच, चावी न फिरवता, त्याच दिवशी घड्याळ उघडून घेतले असते तर एवढे झाले नसते.

मग निर्णय कसा करावा? मी माझ्या गिऱ्हाइकांना आधी घड्याळाचे वय आणि डायल पाहायला सांगतो. रोलेक्स सबमरिनर आणि ब्लांपँ फिफ्टी फॅदम्स ही आजच्या डायव्हिंग घड्याळांची आदिरूपे १९५३ ची, आणि सेकोचे पहिले डायव्हर १९६५ चे. त्या पहिल्या दीड-दोन दशकांतले, मूळ डायलचे घड्याळ कुणाकडे असेल, तर ते चाचणीत उत्तीर्ण झाले तरी पाण्यात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चाचणी फक्त त्या दिवसाचे सांगते. रबर बदलता येते, पण जुन्या डायलवर पाण्याचा डाग पडला की तो कायमचा. या घड्याळांबाबत आणखी एक सांगायला हवे. अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही ठिपक्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो, पण १९५० च्या दशकातल्या घड्याळांवर ते अनेकदा खरोखरच रेडियम, म्हणजे किरणोत्सर्गी धातू, असते. ओलाव्याने त्याची भुकटी होऊन सुटते. असे घड्याळ घरी उघडू नये आणि ठिपके खरवडू तर मुळीच नयेत.

सेको ६३०९ किंवा नंतरचे ७००२ यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या रिंगा, काचा आणि चाव्या आजही मिळतात. सर्व रिंगा बदलून, खाचा तपासून, दाबाची चाचणी करून ते घड्याळ आनंदाने पोहताना घालावे. ते पाण्यासाठीच बनलेले आहे आणि ते पाण्यात वापरले जाताना पाहून मला बरे वाटते. मात्र चाचणी दरवर्षी, उन्हाळ्याआधी करावी. ऑनलाइन घेतलेल्या घड्याळाबाबत अधिक सावध राहावे, कारण आपल्याकडे डायल नव्याने रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून विकण्याची पद्धत जुनी आहे, आणि तशा डायलवरचा दीडशे मीटरचा आकडा रंगाऱ्याने काढलेला असतो. त्याचप्रमाणे नावात समुद्र असला म्हणून घड्याळ पाणबुड्याचे होत नाही. आपल्याकडे घरोघरी असलेले फेवर-ल्यूबाचे सी किंग हे रोज हाताला बांधायचे घड्याळ होते.

आत ओलावा आधीच आहे का, हे घरीही पाहता येते. घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत गरम असताना, जे आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी वेगळे करावे लागत नाही, काचेवर माठातल्या पाण्याचा एक थेंब ठेवावा आणि एका मिनिटाने पुसावा. त्या जागी काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली, तर घड्याळ उघडण्याची वेळ झाली आहे. डायव्हिंग घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही अशीच थेंबाची परीक्षा आहे. वाफ दिसली नाही म्हणून पाणी शिरणार नाही, असा अर्थ मात्र काढू नये.

त्यासाठी दाबाची चाचणीच लागते, आणि इथे मला माझ्या व्यवसायबंधूंना विनंती करायची आहे. हातपंपावर चालणारे छोटे यंत्र पुरेसे असते. घड्याळ पाण्याच्या वर टांगून हवेचा दाब द्यायचा, काही मिनिटे थांबायचे, मग ते पाण्यात उतरवून दाब हळूहळू कमी करायचा. कुठून बुडबुडे निघाले तर लगेच वर काढायचे. गळती चावीतून आहे की काचेतून, हेही त्यात कळते. आमच्याकडील अनेक दुकानांत हे यंत्र नाही, आणि एकट्याला परवडत नसेल तर एका गावातल्या चार-पाच जणांनी मिळून ते घ्यावे. पावतीवर ‘वॉटरप्रूफ केले’ असे लिहिण्याऐवजी कोणत्या रिंगा बदलल्या, किती बार (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाइतका दाब) दाबावर चाचणी घेतली आणि ती कोणत्या तारखेला, एवढे लिहावे. गिऱ्हाइकांनीही ते मागून घ्यावे. माझ्या दुकानात जूनपासून प्रत्येक पावतीवर या नोंदी असतात, आणि ज्या घड्याळाची चाचणी घेतलेली नाही त्याच्या पावतीवर ‘पाण्यात घालू नये’ असे मी स्वतःच्या हाताने लिहितो.

आपला,
एक घड्याळजी, परभणी