ऑर्गनवरच्या मास्तरांस

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आमच्या हौशी मंडळाचा ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग आपल्यामुळे उभा राहिला, हे चारचौघांत कबूल करावे म्हणून हे जाहीर पत्र. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेल्या या नाटकातली शंभराहून अधिक पदे तीन तासांत बसवायची कशी, या विवंचनेत आम्ही सरसकट प्रत्येक पद एका कडव्यावर आणून साथीला ध्वनिमुद्रित ट्रॅक लावण्याचे ठरवले होते. त्यावर आपण एवढेच विचारलेत, “प्रेक्षक हसले तर ट्रॅक थांबेल का?”

मग आपण संहिता घेऊन बसलात. ज्या पदाने कथानक पुढे सरकते किंवा पात्राचे मन उलगडते ते पूर्ण ठेवलेत आणि आधीच्या संवादाचीच री ओढणाऱ्या साक्या-दिंड्या, म्हणजे त्या जुन्या वृत्तांतली छोटी पदे, बिनदिक्कत गाळल्यात. त्यात माझी एक लाडकी साकी गेली, याची रुखरुख मला अजून आहे.

‘प्रिये पहा’ची तालीम मात्र विसरणे शक्य नाही. रुक्मिणीला उषःकाल दाखवणारे हे पद देसकार या सकाळच्या रागातले. मी मात्र गंधारावर रेंगाळत होतो. संध्याकाळचा राग भूप आणि देसकार यांचे स्वर तेच असले, तरी भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि देसकाराचा धैवत, हे मी पुस्तकात वाचले होते. ते गळ्यात उतरले नव्हते. आपण धैवताची पट्टी दाबून धरलीत आणि म्हणालात, “कृष्णदेवा, आपण पुन्हा संध्याकाळ केलीत.” दहाव्या की अकराव्या खेपेला ओळ धैवतावर नीट ठरली, तेव्हा समोरची रुक्मिणी कुणी न सांगता खिडकीकडे वळली.

प्रयोगात ‘नच सुंदरि करू कोपा’च्या अंतऱ्यावर माझे शब्द हरवले. आपण मुखड्याचे स्वर पुन्हा वाजवलेत, तबल्यानेही एक आवर्तन जास्त घेतले आणि मला शब्द सापडले. प्रेक्षकांना वाटले, कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीकडे पाहत मुद्दाम थांबला आहे. त्या जागेला टाळीही पडली. ती आपली होती.

आपण मानधन नाकारलेत. निदान ऑर्गन परत नेताना जिन्यात आमच्याकडून त्याचा जो पायटा निखळला, त्याच्या दुरुस्तीचा खर्च तरी मंडळाला करू द्यावा. रविवारी सकाळी कारागिराला घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
‘सौभद्र’मधला कृष्ण