‘काका, दोन मिनिटांसाठीच गेलो होतो’

संपादक महोदय,

परवा तुम्ही पार्किंगवर अर्धं पान छापलंत. मुंबईत जागाच नाही, गाडीवाल्याने करायचं काय वगैरे, वर एका बिचाऱ्या गाडीवाल्याचा रडवेला फोटो. वाचलं. जागा नाही, मान्य. पण जागा नाही म्हणून आमच्या गेटात?

शनिवारचं सांगतो. आम्ही पार्ले पूर्वला, तीन मजली जुनी बिल्डिंग, बारा बिऱ्हाडं. नळाला पाणी नाही म्हणून टँकर बोलावला, तो दहाला आला तर गेटसमोर एक पांढरी चकचकीत गाडी आडवी. टाकी मागच्या अंगणात, पाइप तिथवर पुरेना. आत डॅशबोर्डवर चिठ्ठी, त्यावर फोन नंबर, म्हटलं चला माणूस सज्जन दिसतोय, तर शेवटचे दोन आकडे तिथल्या छोट्या गणपतीच्या मागे. बाप्पा, तुम्हीसुद्धा! चौघांनी ढकलून बघितली, ढिम्म. वॉचमन म्हणाला ऑटोमॅटिक आहे, पी ला टाकली की हलत नाही. टँकरवाला पंचवीस मिनिटं थांबला, मग त्याची अंधेरीची ट्रिप होती, गेला, येण्याचे पैसे घेऊन गेला. सव्वा अकराला साहेब आले, हातात फरसाणाच्या दोन पिशव्या. ‘काका, दोन मिनिटांसाठीच गेलो होतो, हॉर्न द्यायचा ना.’ कोणाचा हॉर्न देऊ? मला गाडीच नाही!

माझ्या सासऱ्यांकडे प्रीमियर पद्मिनी होती. कोणाच्या गाडीमागे लावायची वेळ आलीच तर न्यूट्रलला टाकायची, हँडब्रेक सोडलेला, स्टिअरिंग सरळ, चाकाला विटेचा तुकडा. ज्याला निघायचंय त्याने वीट काढावी, ढकलावी, परत वीट लावावी. उतारावर मात्र रिव्हर्स गिअर आणि पुढची चाकं फुटपाथकडे वळवून, की सुटली तरी कोणाच्या अंगावर जायला नको. आता ऑटोमॅटिक आल्या, ढकलता येत नाहीत, कबूल, मग चावी वॉचमनकडे ठेवा, नाहीतर नंबर तरी दिसेल असा लिहा.

गेटवर आमची पाटी आहे, ‘गाडी लावल्यास टायरची हवा काढली जाईल’. तेवढंही मनात आलं होतं, पण हवा काढली की गाडी पंक्चरवाला येईपर्यंत आमच्याच गेटात बसणार आणि वर भांडण आमच्या गळ्यात. ई-चलान म्हणाल तर पहिल्या वेळी पाचशे, पुन्हा सापडलात तर दीड हजार. ज्याची गाडी पंधरा लाखांची त्याला पाचशे म्हणजे हॉटेलात गाडी लावून देणाऱ्या वॅलेचा खर्च.

मोठे दंड लावूनही बघितले की. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळाच्या ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर चारचाकीला १० हजार दंड काढला आणि त्याच महिन्यात तेव्हाच्या महापौरांची गाडी नो पार्किंगमध्ये सापडली, कुठे, तर आमच्याच पार्ल्यात. मग मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले, पार्किंगच्या जागेचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही. चांगलं आहे. पण सर्टिफिकेटवाली जागा राहणार घरी, फरसाण आणायला जाताना ती बरोबर थोडीच नेता येते! तेव्हा गाडी लागणार ती फुटपाथवर, बसस्टॉपला नाहीतर आमच्या गेटात, आणि तुमच्या अर्ध्या पानात ह्या माणसाबद्दल एक ओळ नाही.

आता विषय निघालाच आहे तर रंगाच्या डब्यांबद्दलही छापा. रिकाम्या डब्यात सिमेंट ओतायचं, मधे लोखंडी पाइप रोवायचा आणि रस्त्यावर मांडून ठेवायचं, झाली आपली जागा रिझर्व्ह. रस्ता सगळ्यांचा, डबा ह्यांचा. आमच्या गल्लीत असे सात आहेत, काल मोजले. त्यातला एक आमच्याच सोसायटीच्या मागच्या रंगकामातला आहे, पिस्ता रंगाचे ओघळ आहेत त्याच्यावर, लगेच ओळखला. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, पेपरात लिहिताय ना, मग तिथेच विचारा. म्हणून विचारतोय.

— आपला एक जुना वाचक, विलेपार्ले (पूर्व)