राइस कुकर तिथंच घ्या

नागोया, जपान

तीर्थरूप आई आणि आबांना,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी मजेत आहे. हे आधी लिहितो, कारण पत्र हातात आलं की आई तेवढंच शोधणार आणि बाकीचं आबांकडं सरकवणार. वजन उतरलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर गालफडं बसल्यासारखी दिसतात ती इथल्या पांढऱ्या दिव्यामुळं. आत्यालाही सांगा, मी रोज हॉटेलात खात नाही. दुपारी कंपनीचं कँटीन, रात्री घरी शिजवून. कांदा-लसूण चटणी अजून निम्मी शिल्लक आहे, पुरवून वापरतोय.

परवा फोनवर जो कालवा झाला, त्यासाठी हे कागदावर लिहितोय. दादा म्हणतोय येताना जपानी राइस कुकर घेऊन ये. वहिनी मागून म्हणतायत, मोठा आणा, सकाळची ड्यूटी असली की धांदल होते. आई म्हणते, "माझ्या हाताला काय लकवा भरलाय व्हय?" आणि आबा थेट लाइट बिलावर. सगळे एकदम बोलत होते म्हणून मी नुसतं बरं बरं म्हटलं.

तर दादा, इथून आणणार नाही. पैशाचा प्रश्न नाही. इथली घरगुती वीज १०० व्होल्टची आणि आपली २३०. इथला कुकर तिथल्या पिनेत घातला तर भाताआधी कुकरच शिजेल. मध्ये ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो चार-पाच किलोचा धोंडा ओट्यावर कोण ठेवून घेणार? शिवाय बटणांवर सगळं जपानीत. मला स्वतःला आधी फोनचा कॅमेरा बटणांवर धरून वाचावं लागायचं. विमानतळावर परदेशी व्होल्टेजचे मिळतात, पण बिघडला तर दुरुस्तीला इथं कोण आणणार? तिथंच घ्या, पैसे मी देतो.

आई, तू दिलेला कुकर मी टाकून दिलेला नाही. माझ्या खोलीत गॅस नाही, इंडक्शनची शेगडी आहे, आणि तिच्यावर ॲल्युमिनियम तापत नाही. ज्या भांड्याच्या तळाला चुंबक चिकटतं तेच चालतं. सध्या त्या कुकरात कांदे-बटाटे असतात हे खरं, पण ओट्यावर आहे, डोळ्यांसमोर.

माझा इथला राइस कुकर लहान आहे, एकट्यापुरता. दुकानात नुसत्या कुकरांची एक अख्खी भिंत होती. सात-आठ हजार येनपासून लाख येनच्या वरपर्यंत. खालच्या रांगेत तळाला साधी कॉइल असलेले, त्यावर इंडक्शनवाले, म्हणजे सगळं भांडंच चहूबाजूंनी तापवणारे, आणि सगळ्यात वर इंडक्शन अधिक प्रेशर. मी खालच्या रांगेतला घेतला. कंजूषपणा नाही हा. ती महागाची यंत्रं इथल्या आखूड, चिकट तांदळाला आणखी मऊ आणि गोड करतात. आपल्याला शीत मोकळं पाहिजे, मग त्या चिकटपणाला लाखभर येन कशाला मोजायचे? मी इंडियन दुकानातला लांब तांदूळ आणतो आणि झटपटचं बटण दाबतो. नेहमीच्या बटणावर कुकर तांदूळ भिजवण्याचा वेळसुद्धा धरतो, जवळजवळ तास जातो. झटपटवर अर्ध्या तासात होतो. झाला की काही कंपन्यांचे कुकर चक्क बालगीताची धून वाजवतात. माझा नुसता पी-पी करतो.

आणि घनसाळ तांदूळ पाठवू नकोस, आई. वास आठवतो मला, पण इथं तांदूळ आणायचे म्हणजे पिकाच्या रोगांची तपासणी आणि सरकारी दाखला लागतो. नाहीतर विमानतळावरच काढून घेतात. आजऱ्याचा घनसाळ कचऱ्यात गेलेला मला बघवायचा नाही. इथं तांदूळ महाग आहे हे आबांनी पेपरात वाचलंय म्हणे. खरं आहे. २०२५ मध्ये पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली, म्हणजे किलोला आपले चारशेच्या पुढं. सरकारला राखीव साठा बाजारात सोडावा लागला आणि तो घ्यायला लोक रांगेत उभे. पण त्यानं माझं काही अडत नाही. एकटा किती खाणार?

आबा, तुमच्यासाठी एक गोष्ट. पहिला चाललेला ऑटोमॅटिक कुकर तोशिबानं डिसेंबर १९५५ मध्ये बाजारात आणला, पण तो जमवला मिनामी नावाच्या एका लहान कारखानदारानं. आपल्या उद्यमनगरात शेडमध्ये दोन लेथ घेऊन बसणारा माणूस असतो ना, मोठ्या कंपनीचं काम घेणारा, तशातला. आणि खरी मेहनत त्याच्या बायकोची, फुमिकोबाईंची. थंडीत, उन्हात, वेगवेगळ्या हवेत ती बाई भात लावून वेळ आणि तापमान लिहीत बसायची. पाणी उकळल्यावर साधारण वीस मिनिटं तसंच राहिलं की तांदूळ शिजतो, हे त्यांनी पक्कं केलं. मग दोन भांडी एकात एक. बाहेरच्यात मोजून पाणी. ते वीस मिनिटांत आटलं की तापमान शंभराच्या वर चढतं, खालची दोन धातूंची पट्टी वाकते आणि स्विच पडतो. घड्याळ नाही, काही नाही, पाण्यानंच वेळ मोजायची. मला तर हे वाचून तुमचीच आठवण झाली. तुम्हीही असलंच काहीतरी काढलं असतं, फक्त भात आईला लावायला लावला असता.

आता इथली एक गोष्ट, जी मला अजून पचलेली नाही. हे लोक भात कालवत नाहीत. म्हणजे भात खातात, तिन्ही त्रिकाळ खातात, पण पांढराफेक, कोरडा. वाटी डाव्या हातात उचलून धरायची, काड्यांनी माशाचा तुकडा किंवा लोणचं तोंडात टाकायचं, आणि त्यावर कोरड्या भाताचा घास. पुन्हा तुकडा, पुन्हा भात. शेजारी सूपची वाटी असते, पातळ, गरम, चांगली लागते. मला वाटलं ही भातावर घेतील. नाही. ते सूप वाटी तोंडाला लावून वेगळं प्यायचं. पांढऱ्या भातावर सोयाचं पाणी ओतणंसुद्धा गबाळेपणा समजतात. बरं, करी-राइस नावाचा पदार्थ आहे, आमच्या कँटीनला ठरलेल्या वारी असतो, त्यात तरी? ताटात एका बाजूला भात, एका बाजूला दाट रस्सा, आणि चमच्यानं दोन्हीच्या सीमेवरून थोडं थोडं उचलायचं. मी आपला सवयीनं सगळं एकत्र कालवलं, तर समोरचा साहेब माझ्या ताटाकडं बघत राहिला. बोलला काही नाही, ते बोलत नाहीतच. आणि एवढं असून सकाळी हीच माणसं गरम भातावर कच्चं अंडं फोडतात आणि खुशाल फेटतात! ते चालतं. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, ते मात्र मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मेलेल्या माणसापुढं भात ठेवताना तशा खोचतात. ते समजलं, आपल्यातही पानाचे नियम आहेतच. पण रस्सा असताना भात कोरडा खायचा? असो. खोलीवर मी दार लावून हातानं कालवतो.

आता वहिनींसाठी कामाचं. दादा, लक्ष्मीपुरीत घे नाहीतर राजारामपुरीत, पण एका स्विचचा साधा घे. मेनूची दहा बटणं नकोत, आई त्याला हात लावणार नाही. खोक्यावर लिटर लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नको. कुणी कोऱ्या तांदळाचं लिहितं, कुणी पूर्ण भांड्याचं. पाच माणसांना एका वेळी किती तांदूळ लागतात ते आईला विचार, आणि दुकानदाराला तेवढे शिजतील का ते स्पष्ट विचार. सुटं भांडं आणि झाकण कोल्हापुरात मिळतं का तेही. आबा, बिलाचं सांगतो. सातशे वॉटचा कुकर पंचवीस मिनिटं चालला तर तीन दशांश युनिटही पुरा होत नाही. साध्या पिनेवर चालतो, पण मिक्सरबरोबर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर नको. आणि देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवू नका, वाफेनं प्लायवूड फुगतं.

भांडं उचललं की खाली मधोमध स्प्रिंगवर वरखाली होणारी एक चकती दिसेल. सगळा खेळ तिचा. आबा, लालभडक तापलेल्या लोखंडाला चुंबक धरत नाही, हे तुम्ही मला हीट ट्रीटमेंटवाल्याकडं दाखवलं होतं. इथं तेच, फक्त चकतीतला धातू असा निवडलेला की शंभराच्या जरा वरच त्याचं चुंबकत्व उतरतं. भांड्यात पाणी आहे तोवर तळ शंभराच्या पुढं जात नाही. पाणी तांदळात जिरलं की तळ तापतो, चुंबक सुटतं, स्प्रिंग कांडी ढकलते, टक. म्हणून त्या चकतीवर शीत अडकलं किंवा भांड्याचा तळ ओला राहिला, तर भात एकतर कच्चा नाहीतर खाली लागलेला. तांदूळ दुसऱ्या भांड्यात धुवायचे, आतलं भांडं बाहेरून फडक्यानं कोरडं करायचं, ठेवल्यावर दोन्ही हातांनी जरा डावी-उजवीकडं फिरवून बसवायचं. पळी स्टीलची नको, आतला थर खरवडतो. टक झाल्यावर लगेच झाकण उघडायचं नाही, दहा मिनिटं मुरू द्यायचा. पाण्याच्या खुणा आतल्या भांड्यावर असतात, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. नवा तांदूळ असेल तर जरा कमी, जुना असेल तर जास्त, ते आईच्या बोटाच्या पेरालाच कळतं.

आई, डाळ त्यात लावू नका, फेस वर येतो. आणि मटण तर अजिबात नको. हा कुकर शंभर अंशांवर शिजवतो, तुझा शिट्टीचा एकशेवीसपर्यंत जातो. त्यामुळं तुझ्या कुकराला कुणी घराबाहेर काढत नाही. तांबड्या-पांढऱ्याचं खातं तुझ्याकडंच.

इथं एका कंपनीनं २००१ मध्ये एक किटली काढली. म्हाताऱ्या आई-बापाकडं ठेवायची. त्यांनी चहासाठी पाणी घेतलं की लांब राहणाऱ्या मुलाला निरोप जातो, म्हणजे उठलेत, हिंडतायत, बरं आहे. मी म्हटलं, आपल्याला हे कशाला? दादा-वहिनी आहेतच. आबा, गुडघ्याचं औषध वेळेवर घेताय ना?

आता उरलेलं. दिवाळीला जमणार नाही. इथं दिवाळीची सुट्टी नसते आणि वर्षाअखेरीला ऑर्डरी भरायच्या असतात. कंपनीनं करार आणखी दोन वर्षं वाढवायचं विचारलं, मी हो म्हटलंय. फोनवर सांगणार होतो, पण तेव्हा कुकरचंच चाललं होतं. पगार थोडा वाढेल. येन पडलाय त्यामुळं रुपयात कमी दिसतं, पण वरच्या मजल्याचा हप्ता चुकणार नाही, बँकेतून फोन आला तर घाबरू नका. ताईच्या लग्नाचं भटजींना विचारा, एप्रिलअखेर ते ५ मे यात मुहूर्त निघतो का. त्या आठवड्यात इथं सगळं बंद असतं, मला हक्कानं येता येईल. मेच्या मध्यावर धरलात तर सुट्टी मागावी लागेल, मागेन, मिळेल बहुतेक. हॉलची अनामत मी भरतो, ताईला सांगू नका.

गडहिंग्लजच्या स्थळाचं मामांनी परस्पर पुढं नेऊ नये. फोटो बघितला, नाही म्हणत नाही. पण मुलीला आधी विचारा, इथं यायचंय का. दिवसभर एकटीनं राहावं लागेल, भाषा नाही, पाहुणे नाहीत. तिची तयारी असेल तर मी बोलतो. नसेल तर तिच्या घरच्यांना दोन वर्षं थांबवून ठेवू नका, ते बरं दिसत नाही.

बाकी क्षेम. वहिनी आणि दादाला नमस्कार, पोरांना पापा. अंबाबाईला माझ्या नावानं ओटी भर, आई.

तुमचा,
धाकटा

ता. क. दादाच्या खात्यावर या महिन्यात दोन वेळा पैसे येतील. पहिले हप्त्याचे. दुसरे कुकरचे आणि ताईच्या शालूचे मिळून आहेत. शालूतून कापून मोठा कुकर घेऊ नका. कमी पडले तर कळवा, पण खरं कळवा.