नाट्यशिक्षणानंतरचे पहिले वर्ष विंगेत काढावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाट्यशिक्षण संपवून दर वर्षी मुले-मुली मुंबईत काम शोधू लागतात. कोणी मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या नाट्य अकादमीतून, कोणी पुण्याच्या ललित कला केंद्रातून, कोणी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून. पहिल्याच आठवड्यात फोटो काढून होतात आणि ऑडिशनसाठी वर्सोव्याच्या आरामनगरात चकरा सुरू होतात. तिकडे जरूर जावे (पैसे मागणारी ऑडिशन असेल, तर आल्या पावली परत फिरावे). पण मराठी नाटकाची दारे तिथे उघडत नाहीत. ती वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत सापडतात.

जाहिरातींचे हे पान काम शोधणाऱ्याच्या नजरेने वाचायला हवे. 'शनि. दु. ४ दीनानाथ, रवि. रा. ८.३० गडकरी' अशा ओळींची महिनाभर कात्रणे ठेवली, की कोणते नाटक धावते आहे आणि कोणते महिन्याला दोन प्रयोगांवर आले आहे ते कळते. जाहिरातीत बऱ्याचदा सूत्रधाराचे, म्हणजे प्रयोगांची व्यवस्था पाहणाऱ्याचे, नाव असते. नवख्याने आधी गाठायचा माणूस तोच. तारखा, बस, मानधनाची पाकिटे आणि ऐन वेळी कोण येणार नाही याची पहिली खबर, हे सगळे त्याच्याकडे असते. नटांची नावेही ताडून पाहावीत. एका नाटकात नावे वरचेवर बदलत असतील, तर तिथे कोणीतरी मालिकेच्या तारखांत अडकले आहे आणि पुढची रिप्लेसमेंट (चालू नाटकात एका नटाच्या जागी दुसरा) तिथेच लागण्याचा संभव आहे.

रिप्लेसमेंट ही मराठी व्यावसायिक रंगभूमीवरची नवोदिताची खरी प्रवेश परीक्षा. नाट्यशाळेत मात्र तिची तालीम क्वचितच होते, हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण हेच. शाळेत भूमिका दोन-दोन महिने उकलत नेतात. इथे तीन-चार तालमी मिळतात, त्याही तुकड्यातुकड्यांत, कारण बाकीचे नट एका वेळी जमत नाहीत.

अशा वेळी सर्वांत आधी मागायची ती चालू प्रयोगाची प्रत. पहिली संहिता आणि पन्नासाव्या प्रयोगाचे नाटक यांत बराच फरक पडलेला असतो: कुठे वाक्ये कापलेली, कुठे नवी भर घातलेली. जुन्या प्रतीवरून पाठांतर केलेला नट कापलेल्या वाक्याची वाट पाहत उभा राहतो आणि समोरचा घामाघूम होतो. स्वतःच्या वाक्यांइतकेच समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द पाठ हवेत.

मग प्रयोग पाहायचे, निदान तीन. एक प्रेक्षागृहातून, हालचालींसाठी. दुसरा डाव्या विंगेतून, तिसरा उजव्या. कोणती वस्तू कोणाच्या हातून घ्यायची, अंधारात कुठून बाहेर पडायचे, कपडे बदलायला किती वेळ मिळतो, हे चित्रफितीत दिसत नाही. विनोदी नाटकात हशाची जागाही चित्रफितीवरून नीट कळत नाही. नवा नट हशावर बोलतो, पुढचे वाक्य वाया जाते, आणि दोष मात्र सहकलाकाराच्या टायमिंगला दिला जातो. हशा चढून उतरायला लागला की बोलावे, पूर्ण थांबायची वाट पाहू नये.

मिळालेल्या तालमीत आधी झटापट, उचलणे, पडणे आणि फोन-दार-दिव्याच्या जागा उरकाव्यात. भावनेचे प्रसंग मागाहून. कपडे आधीच्या नटाच्या मापाचे असतात, म्हणून कपडेपट सांभाळणाऱ्याला दोन दिवस आधी भेटावे आणि चपला-बूट शक्यतो स्वतःचे आणावेत. पहिल्या घंटेआधी आपल्या वस्तू स्वतः हाताने मोजाव्यात. दौऱ्यात लहान रंगमंच मिळाला, की एखादी लेव्हल (सेटवरचा चौथरा) गाळली जाते आणि सात पावलांवरची खुर्ची चौथ्या पावलाला येते. म्हणून सेट लागला की एकदा चालून पाहायचे. आवाजाचेही तसेच. स्टुडिओत तयार झालेला आवाज मोठ्या नाट्यगृहात पहिल्या अंकात चढतो आणि दुसऱ्यात बसतो. गडबड बहुधा वाक्याचे शेपूट गिळण्यात असते. मराठीत क्रियापद शेवटी येते, तेच ऐकू गेले नाही तर पाठच्या रांगेला अर्थच लागत नाही.

रिप्लेसमेंट लगेच मिळेल असे नाही. तोवर संगीत किंवा प्रकाश ऑपरेट करायला बसावे. अभिनयाच्या पदवीधरांना हे कमीपणाचे वाटते, का ते कळत नाही. ऑपरेटरला प्रत्येक प्रयोगाची नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळते, शिवाय वीस प्रयोगांत अख्खे नाटक कानात बसते. एखादा नट येऊ शकला नाही, की दिग्दर्शकाला नाटक पाठ असलेला हा माणूस आधी आठवतो. डिमर, स्पॉट, जिलेटिन ही दिव्यांची भाषा येणारा नट प्रकाशात उभा कुठे राहायचे हेही विसरत नाही.

पैशांचे बोलणे आधी आणि लेखी. करारपत्र मिळाले नाही, तर व्हॉट्सअ‍ॅपवर तरी पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: नाइट किती, तालमीचे काय, दौऱ्यातला भत्ता, प्रयोग रद्द झाला तर काय, पैसे कधी. समजा नाइट १,५०० रुपये आणि महिन्याला आठ प्रयोग, म्हणजे १२,००० रुपये. एवढ्यावर मुंबईत खोलीभाडे निघत नाही. त्यामुळे जोडकाम लागणारच; पण ते सोमवार ते शुक्रवारचे हवे. मालिका घेतली तर शनिवार-रविवारचे प्रयोग आधी लिहून द्यावेत. मानधनातून कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, तरी कित्येक जण तो सोडून देतात. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी दरमहा ५,००० रुपयांची, दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. तिच्यात नाटकही येते. पदवी मिळेपर्यंत वय उलटून जाऊ शकते, म्हणून अर्ज शिकत असतानाच करावा.

स्वतःचे नाटक काढण्याची घाई असते ती समजू शकते, पण क्रम चुकू नये. आधी लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी (लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हक्क चालतो, आणि अनुवाद असेल तर मूळ लेखक व अनुवादक दोघांचीही). मग रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे) प्रमाणपत्र, मग नाट्यगृहाची तारीख, शेवटी सेट. अनेक जण उलटे करतात आणि प्रमाणपत्रासाठी प्रयोगाच्या आठवड्यात धावपळ करतात. सेटचा कोणताही तुकडा आठ बाय चार फुटांच्या प्लायपेक्षा मोठा नको; तो टेम्पोत बसत नाही, बसला तर विंगेच्या दारातून आत जात नाही.

यावर नाट्यशाळांनी शेवटच्या सहामाहीत एक साधी गोष्ट करावी. प्रत्येक विद्यार्थ्याला एका चालू व्यावसायिक नाटकाबरोबर दहा प्रयोग जोडून द्यावे, आणि शेवटची परीक्षा चार दिवसांत रिप्लेसमेंट उभी करण्याची घ्यावी. निर्मात्यांनाही त्यातून हाताशी तयार माणसे मिळतील.

आणि एक विनंती आपल्याला. नाटकांच्या जाहिरातींच्या पानावर आठवड्यातून एकदा, दोन बोटे रुंदीची चौकट सवलतीच्या दरात द्यावी: कोणत्या नाटकाला रिप्लेसमेंट हवी, कुठे ऑपरेटर हवा, कोणाला भेटायचे. आज ही माहिती शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या आवारात तोंडोतोंडी फिरते, आणि ज्याची तिथे ओळख नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचेस्तोवर जागा भरलेली असते.

आपला,
एक रंगमंच व्यवस्थापक, दादर